प्रोग्रॅमच्या वेगाची मोजणी आणि कंपायलर इष्टतमीकरणाची न्याय्य तुलना

सारांश :

संगणकाचा एखादा प्रोग्रॅम किती वेगाने चालतो हे केवळ यंत्रावर अवलंबून नसते. तो प्रोग्रॅम यंत्रभाषेत रूपांतरित करणारा कंपायलर, त्याला दिलेल्या सूचना, निवडलेला मापक प्रोग्रॅम आणि मोजणीचे नियम या सर्वांचा त्यात वाटा असतो. यांपैकी एका घटकाचे श्रेय दुसऱ्याला दिले गेले की तुलना सदोष ठरते. प्रस्तुत लेखात कंपायलरच्या इष्टतमीकरणाची संकल्पना स्पष्ट करून तुलनेत होणाऱ्या प्रमुख चुकांचे विवेचन केले आहे. पुणे येथील ‘एका’ या महासंगणकाच्या दोन नोंदींचे उदाहरण घेऊन वेगाचा आकडा कसा वाचावा हे दाखविले आहे आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत वापरता येईल अशी कार्यपद्धती मांडली आहे.

बीजसंज्ञा : कंपायलर, इष्टतमीकरण, बेंचमार्क, लिनपॅक, स्पेक, महासंगणक.

१. प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या शिवारात दोन शेतकऱ्यांनी कापसाचे दोन वेगवेगळे वाण लावले, अशी कल्पना करावी. पहिल्याची जमीन काळी, कसदार आणि ठिबकाखालची. दुसऱ्याची हलकी, मुरमाड आणि कोरडवाहू. हंगामाअखेर पहिल्याला अधिक उत्पन्न मिळाले म्हणून ‘पहिला वाण श्रेष्ठ’ असा निष्कर्ष कोणताही अनुभवी शेतकरी काढणार नाही. जमीन, पाणी, खत आणि लागवडीची तारीख सारखी असल्याशिवाय वाणांची तुलना होत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

संगणकशास्त्रात मात्र ही चूक सहज घडते. पदव्युत्तर प्रकल्पांतून, लघुप्रबंधांतून आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतून ‘अमुक कंपायलर तमुकपेक्षा दुप्पट वेगवान’ अशी विधाने आढळतात. त्यामागील मोजणी पाहिली असता अनेकदा दोन्ही बाजूंना समान वागणूक मिळालेली नसते. असे निष्कर्ष केवळ कागदावर राहत नाहीत. त्यांवरून अभ्यासक्रमातील साधने निवडली जातात, यंत्रखरेदी होते आणि पुढील विद्यार्थी त्यांच्याच आधारावर आपले संशोधन उभे करतो. म्हणून न्याय्य तुलना म्हणजे काय, हे नेमकेपणाने समजून घेणे आवश्यक ठरते.

२. कंपायलर व इष्टतमीकरण : संकल्पना

मनुष्याला वाचता येईल अशा सी, सी++ किंवा फोर्ट्रान यांसारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत रूपांतरित करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. मराठी परिभाषेत त्यास ‘संकलक’ असाही शब्द आहे. आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या चमूने तयार केलेला फोर्ट्रानचा कंपायलर १९५७ मध्ये उपलब्ध झाला. यंत्राने तयार केलेल्या आज्ञा कुशल प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीस तोड असल्या पाहिजेत, ही त्या चमूची मुख्य चिंता होती. अन्यथा कोणीही उच्चस्तरीय भाषा स्वीकारणार नाही, असे त्यांना वाटत होते. म्हणजे वेगाचा प्रश्न कंपायलरच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

प्रोग्रॅमचा अर्थ न बदलता तो अधिक वेगाने चालावा किंवा कमी जागा घ्यावा यासाठी कंपायलर त्यात जे बदल करतो, त्यांना इष्टतमीकरण म्हणतात. निरुपयोगी आकडेमोड वगळणे, चक्रातील न बदलणारी पदावली चक्राबाहेर नेणे, छोटे फलन बोलावण्याऐवजी त्याचा मजकूर जागेवर बसविणे, एकाच आज्ञेने अनेक संख्यांवर क्रिया करणे हे त्याचे काही प्रकार होत.

यांपैकी एका प्रकाराच्या विकासात महाराष्ट्राचा महत्त्वाचा वाटा आहे. समजा, प्रोग्रॅमला दोन फाटे फुटतात. एका फाट्यात ‘अ + ब’ ही बेरीज केली जाते, दुसऱ्यात केली जात नाही. पुढे दोन्ही फाटे एकत्र आल्यावर हीच बेरीज पुन्हा केली जाते. पहिल्या वाटेने आलेल्यासाठी ही पुनरुक्ती आहे, दुसऱ्या वाटेने आलेल्यासाठी नाही. ती बेरीज दुसऱ्या फाट्यातही आधीच करून ठेवली, तर एकत्र आल्यानंतरची बेरीज काढून टाकता येते आणि कोणत्याही वाटेने ती एकदाच होते. यास अंशतः पुनरुक्तीचे निर्मूलन म्हणता येईल. मोरेल आणि रेनव्हॉझ या फ्रेंच संशोधकांनी १९७९ मध्ये त्याची पद्धत मांडली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. धनंजय धामधेरे यांनी तिच्यातील उणिवा दूर करणारे महत्त्वाचे काम केले. त्यांचा यासंबंधीचा एक प्रमुख शोधनिबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेतील प्रा. उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला विदाप्रवाह विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रकाशित झाला.

सर्वत्र मोफत मिळणाऱ्या जीसीसी या कंपायलरमध्ये हे निर्मूलन इष्टतमीकरणाच्या दुसऱ्या पातळीपासून लागू होते आणि एका स्वतंत्र सूचनेने ते बंदही करता येते. तुलनेच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. बाकी सर्व तसेच ठेवून केवळ एक गोष्ट चालू आणि बंद करणे, हा न्याय्य प्रयोगाचा सर्वांत शुद्ध नमुना होय.

३. तुलना कोठे चुकते?

३.१ असमान पातळ्या

जीसीसीला कोणतीही सूचना दिली नाही, तर तो जवळजवळ काहीही इष्टतमीकरण करीत नाही. कारण चुका शोधण्यासाठी मूळ मजकुराशी जुळणाऱ्या आज्ञा सोयीच्या असतात. ‘ओ-१’, ‘ओ-२’, ‘ओ-३’ अशा पातळ्या मागाव्या लागतात. त्यामुळे एक कंपायलर विनासूचना आणि दुसरा त्याच्या उच्च पातळीवर चालवून केलेली तुलना म्हणजे कोरडवाहू आणि बागायती शेताची तुलना होय.

मात्र पातळीचे नाव सारखे असले म्हणजे काम सारखे होते, असेही नाही. एकाच आज्ञेने अनेक संख्या हाताळण्याचे सदिशीकरण जीसीसीच्या ‘ओ-२’ पातळीत बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून समाविष्ट झाले. त्यापूर्वी त्यासाठी ‘ओ-३’ मागावे लागे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये ते त्याआधीच ‘ओ-२’ वर होत असे. त्यामुळे अकराव्या आवृत्तीचा जीसीसी आणि त्याच काळातील क्लँग हे दोन्ही ‘ओ-२’ वर चालविले, तर नावात समानता असूनही व्यवहारात ती नसते. आवृत्तीचा क्रमांक न नोंदविलेला निष्कर्ष म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना परिचित असलेले उदाहरण टर्बो सीचे आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभीचा हा डॉस प्रणालीवरील कंपायलर येथील प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरला गेला. आधुनिक यंत्रावर तो बहुधा डॉसबॉक्स या अनुकारकात चालवावा लागतो. त्याची जीसीसीशी तुलना केली असता अनुकारकाचा संथपणा टर्बो सीच्या खात्यावर पडतो. शिवाय टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा, तर आजच्या जीसीसीमध्ये ३२ बिटांचा असतो. १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठी धन संख्या मावत नाही. परिणामी एक लाखापर्यंत मोजणारे चक्र जीसीसीत क्षणार्धात पूर्ण होते. टर्बो सीत तो मोजक ऋण संख्यांकडे उलटून चक्र संपतच नाही. येथे एक कंपायलर संथ आणि दुसरा वेगवान असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण दोघांना दिलेले कामच एक नाही.

३.२ न झालेल्या कामाची मोजणी

विद्यार्थ्यांच्या प्रयोगात नेहमी आढळणारा मापक प्रोग्रॅम म्हणजे एक ते काही कोटींपर्यंतच्या संख्यांची बेरीज. बेरजेचे उत्तर छापले नाही, तर इष्टतमीकरण करणारा कंपायलर त्या चक्राचा परिणाम कोठेच वापरला जात नाही हे ओळखतो आणि चक्र काढून टाकतो. वेळ शून्याजवळ येतो आणि कंपायलर ‘हजारपट वेगवान’ ठरतो. उत्तर छापले तरी क्लँगसारखा कंपायलर चक्राऐवजी शाळेत शिकविले जाणारे बेरजेचे सूत्रच वापरतो. त्यात कंपायलरचे चातुर्य निश्चित दिसते. परंतु त्यावरून प्रत्यक्ष कामाच्या प्रोग्रॅमला किती लाभ होईल हे कळत नाही.

ही अडचण जुनी आहे. राइनहोल्ड वायकर यांनी १९८४ मध्ये तयार केलेला ‘ड्राइस्टोन’ हा मापक प्रोग्रॅम अत्यंत लोकप्रिय झाला. कंपायलर सुधारत गेले तशी त्यातील काही आकडेमोड निरुपयोगी म्हणून वगळली जाऊ लागली. १९८८ च्या सुधारित आवृत्तीत हे टाळण्यासाठी बदल करण्यात आले. प्रोग्रॅम दोन स्वतंत्र भागांत कंपाइल करावा आणि फलने परस्परांत मिसळू नयेत, असा नियमही त्यासोबत देण्यात आला.

३.३ उत्तरातील फरक

दशांश संख्यांच्या आकडेमोडीत प्रश्न अधिक नाजूक होतो. संगणकातील ६४ बिटांची दशांश संख्या सुमारे सोळा सार्थ अंक साठवते. त्यामुळे १० चा सोळावा घात घेऊन त्यात १ मिळविला आणि नंतर तोच घात वजा केला, तर उत्तर ० येते. तोच घात आधी वजा करून मग १ मिळविला, तर उत्तर १ येते. कागदावर दोन्ही पदावल्या समान आहेत, यंत्रावर नाहीत.

क्रियांचा क्रम बदलण्याची मुभा कंपायलरला दिली, तर तो अधिक वेगवान आज्ञा तयार करू शकतो. जीसीसी ही मुभा मागितल्याशिवाय घेत नाही. काही व्यावसायिक कंपायलर ती मुळातच गृहीत धरत आले आहेत. अशा दोन कंपायलरांची विनासूचना तुलना केली, तर अचूकतेचे नियम पाळणारा मागे पडतो. नंदुरबारच्या बाजारात ओली मिरची आणि वाळलेली मिरची एकाच काट्यावर तोलता येते, परंतु केवळ वजन पाहून सौदा होत नाही. ओलावा पाहावाच लागतो. वेगाच्या आकड्याबरोबर उत्तराची अचूकता पाहणे तितकेच अनिवार्य आहे.

याचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ‘प्रत्यूष’ हा महासंगणक २०१८ मध्ये आणि ‘अर्क’ हा २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. हवामानाच्या प्रतिमानात आरंभीचा अत्यल्प फरकही काही दिवसांच्या गणनेनंतर मोठा होतो. कंपायलर किंवा त्याची सूचना बदलल्यावर गणना वेगाने झाली, एवढे पाहून अशा क्षेत्रात भागत नाही. पेरणीचा निर्णय पावसाच्या अंदाजाकडे पाहून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तर वेगाआधी विश्वासार्हता येते.

३.४ मापक प्रोग्रॅम ओळखणारा कंपायलर

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या संस्थेने खऱ्या उपयोगाचे प्रोग्रॅम एकत्र करून त्यांवर संगणक मोजण्याची पद्धत रूढ केली. तिच्या १९८९ च्या संचातील ‘मॅट्रिक्स-३००’ या प्रोग्रॅमचा जवळजवळ सर्व वेळ सारणी-गुणाकाराच्या एकाच ओळीत जात असे. कंपायलरांनी ती गणना लहान खंडांत विभागून स्मृतीचा वापर सुधारला आणि त्या एका प्रोग्रॅमचे गुण कित्येक पटींनी वाढले. तंत्र योग्य होते. परंतु एका ओळीतील सुधारणा संपूर्ण यंत्राची प्रगती म्हणून दिसू लागली. १९९२ च्या संचातून तो प्रोग्रॅम वगळण्यात आला.

हा प्रश्न अद्याप संपलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकने आपल्या २०१७ च्या संचाचे अडीच हजारांहून अधिक प्रसिद्ध निकाल आक्षेपाच्या टिपेसह चिन्हांकित केले. इंटेलच्या कंपायलरच्या काही आवृत्त्या संचातील एका विशिष्ट प्रोग्रॅमची पूर्वमाहिती वापरून असा बदल करीत होत्या, ज्याचा उपयोग त्या प्रोग्रॅमबाहेर फारसा होत नाही, असा संस्थेचा निर्णय होता. परीक्षेची प्रश्नपत्रिका आधी माहीत असलेल्या विद्यार्थ्याचे गुण खरे असतात, पण ते त्याच्या ज्ञानाचे माप नसते.

३.५ मोजणीतील अदृश्य घटक

कोलोरॅडो येथील टॉड मिटकोविझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या क्षेत्राला धक्का दिला. प्रणालीतील पर्यावरण-चलांचा एकूण आकार किंवा प्रोग्रॅमचे भाग जोडण्याचा क्रम बदलला, तरी स्मृतीतील मांडणी सरकते आणि वेग बदलतो, असे त्यांनी दाखविले. हा फरक काही वेळा इतका असतो की ‘ओ-३’ हे ‘ओ-२’ पेक्षा चांगले की वाईट, याचे उत्तरच उलटते. वापरकर्त्याचे लॉगिन नाव लांब असणे हेही पर्यावरण-चलांच्या आकारात भर घालते. चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी २०१३ मध्ये स्मृतीतील मांडणी वारंवार यादृच्छिकपणे बदलून मोजणी केली. तेव्हा त्यांनी तपासलेल्या संचात ‘ओ-३’ चा ‘ओ-२’ वरील लाभ संख्याशास्त्रीयदृष्ट्या योगायोगापासून वेगळा करता आला नाही.

यात स्थानिक परिस्थितीची भर पडते. खानदेशातील एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉपही बहुधा तेच करतो. सकाळी एक कंपायलर आणि दुपारी दुसरा मोजला, तर दोघांतील फरकात हवामानही मिसळते.

४. पुण्यातील ‘एका’ : एका यंत्राचे दोन आकडे

यंत्र, कंपायलर आणि मोजणी यांचे श्रेय वेगळे करणे किती कठीण असते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. त्याच मालिकेतील ‘परम पद्म’ जून २००३ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. पुढे टाटा समूहाच्या पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादीत जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला.

या यादीतील क्रम ‘लिनपॅक’ या मापक प्रोग्रॅमने ठरतो. त्यात अनेक एकसामयिक समीकरणे सोडविण्याचा वेग मोजला जातो. नोव्हेंबर २००७ मध्ये १४,२४० गाभ्यांसह ‘एका’चा मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ लक्ष कोटी दशांश क्रिया इतका नोंदला गेला. त्याच्या ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा प्रत्येक गाभा एका ठोक्यात ४ क्रिया करू शकत असल्याने सैद्धांतिक कमाल वेग १७०.८८ टेराफ्लॉप होता. म्हणजे ६९ टक्के क्षमता प्रत्यक्षात उतरली.

जून २००८ च्या यादीत ‘एका’ १४,३८४ गाभ्यांसह आठव्या क्रमांकावर होता. मोजलेला वेग १३२.८ टेराफ्लॉप आणि सैद्धांतिक कमाल सुमारे १७२.६ टेराफ्लॉप होती. प्रत्यक्षात उतरलेली क्षमता जवळजवळ ७७ टक्के झाली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, गाभ्यांची संख्या केवळ १ टक्क्याने वाढली, तर मोजलेला वेग १२.६ टक्क्यांनी वाढला. प्रोसेसरचा प्रकार आणि त्याचा ठोका तोच होता. वाढीचा फार मोठा भाग गाभ्यांच्या वाढीव संख्येतून आलेला नाही, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते. मात्र समीकरणांच्या संचाचा आकार, गणिती ग्रंथालय, जाळ्याची जुळवणी, कंपायलरच्या सूचना यांपैकी कशाचा वाटा किती, हे केवळ दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

कोणी केवळ पहिला आकडा घेऊन आणि कोणी केवळ दुसरा घेऊन याच प्रोसेसरची अन्य यंत्राशी तुलना केली असती, तर दोघांचे निष्कर्ष वेगळे आले असते आणि दोघांच्याही हाती अधिकृत आकडा असता. शिवाय या मोजणीत बहुतांश वेळ सारणी-गुणाकाराच्या खास घडविलेल्या ग्रंथालयात जातो. म्हणून तिच्यावरून कंपायलरच्या गुणवत्तेविषयी काहीही म्हणणे धाडसाचे ठरते.

५. न्यायाचे नियम

लिनपॅकचे प्रवर्तक जॅक डोंगारा यांनी मोजणीच्या वेगवेगळ्या पायऱ्या ठेवल्या. शंभर समीकरणांच्या मोजणीत मूळ फोर्ट्रान प्रोग्रॅममध्ये काहीही बदल करता येत नसे, टिपाही बदलण्यास मनाई होती. जे करायचे ते कंपायलरने करायचे. हजार समीकरणांच्या मोजणीत सोडविण्याची पद्धत स्वतः लिहिण्यास मुभा होती. महासंगणकांच्या मोजणीत समीकरणांची संख्याही निवडता येते. परंतु उत्तर अचूकतेच्या कसोटीस उतरले पाहिजे आणि क्रियांची संख्या ठरलेल्या सूत्रानेच धरली पाहिजे. पहिली पायरी कंपायलरची परीक्षा घेते, अखेरची संपूर्ण यंत्रणेची.

स्पेकने हाच विचार ‘बेस’ आणि ‘पीक’ या दोन वर्गांत मांडला. बेस वर्गात एका भाषेतील सर्व प्रोग्रॅमना तेच कंपायलर आणि त्याच सूचना त्याच क्रमाने द्याव्या लागतात. पीक वर्गात प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळ्या सूचना निवडता येतात. बेस हा सर्वसाधारण वापरकर्त्याला काय मिळेल याचा अंदाज देतो. पीक हा कुशल व्यक्तीने परिश्रम घेतल्यास काय मिळू शकेल हे सांगतो. दोन्ही प्रश्न वैध आहेत. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा एका कंपायलरचा पीक दुसऱ्याच्या बेसशी ताडला जातो. किंवा संशोधक आपल्या आवडत्या कंपायलरसाठी दोन आठवडे सूचना शोधतो आणि प्रतिस्पर्ध्यासाठी दोन मिनिटे.

यंत्राची निवडही तटस्थ नसते. एखाद्या उत्पादकाचा कंपायलर अन्य उत्पादकाच्या प्रोसेसरवर तितक्याच कसोशीने काम करील, असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये इंटेलशी केलेल्या तडजोडीत ही बाब ग्राहकांना स्पष्टपणे सांगण्याची अट घातली होती. म्हणून शक्य असेल तेथे भिन्न उत्पादकांच्या दोन यंत्रांवर मोजणी करावी.

६. सरासरीचा सापळा

मोजणी निर्दोष असली तरी सारांश काढताना चूक होऊ शकते. समजा, पहिला प्रोग्रॅम ‘क’ कंपायलरने १० सेकंदांत आणि ‘ख’ कंपायलरने २० सेकंदांत पूर्ण होतो. दुसरा प्रोग्रॅम ‘क’ने ४० आणि ‘ख’ने २० सेकंदांत होतो. ‘क’ला प्रमाण मानले, तर ‘ख’ची गुणोत्तरे २ आणि ०.५ येतात, त्यांची साधी सरासरी १.२५, म्हणजे ‘ख’ पंचवीस टक्के अधिक वेळ घेतो. ‘ख’ला प्रमाण मानले, तर ‘क’ची गुणोत्तरे ०.५ आणि २ येतात. सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे आता ‘क’ पंचवीस टक्के अधिक वेळ घेतो. एकाच विदेवरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात आणि संशोधक सोयीचा निवडू शकतो.

फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६ मध्ये दाखविले की, अशा गुणोत्तरांसाठी भूमितीय सरासरी वापरली असता प्रमाण कोणतेही धरले तरी निष्कर्ष बदलत नाही. वरील उदाहरणात ती १ येते. दोन्ही कंपायलर बरोबरीचे ठरतात. दोन्ही प्रोग्रॅम एकापाठोपाठ एकदाच चालवायचे असतील, तर मात्र एकूण वेळ हेच खरे माप होय : ‘क’ला ५० आणि ‘ख’ला ४० सेकंद. कोणती सरासरी योग्य, हे प्रश्नावरून ठरते. म्हणून सरासरीसोबत प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ वेळ देणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

हीच सावधगिरी पुनरावृत्तीबाबत हवी. समजा, ‘क’च्या पाच मोजण्या १०.२, १०.४, १०.१, १०.९ आणि १०.३ सेकंद अशा आल्या आणि ‘ख’च्या १०.०, १०.६, १०.३, १०.२ आणि १०.५ अशा. केवळ पहिली मोजणी पाहिली तर ‘ख’ दोन टक्क्यांनी सरस वाटतो. चढत्या क्रमाने मांडल्यास दोघांचीही मध्यम किंमत १०.३ सेकंद आहे.

७. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी कार्यपद्धती

न्याय्य तुलनेसाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. जीसीसी आणि क्लँग दोन्ही विनामूल्य मिळतात आणि ग्रामीण महाविद्यालयातील साध्या संगणकावरही पुढील पद्धत पाळता येते.

(१) प्रश्न आधी लिहून काढावा. सर्वसाधारण वापरातील वेग पाहायचा आहे, सर्वोत्तम शक्य वेग पाहायचा आहे, की एका विशिष्ट इष्टतमीकरणाचा परिणाम, हे प्रयोगापूर्वी ठरवावे.

(२) दोन्ही कंपायलर त्याच यंत्रावर, त्याच प्रणालीत चालवावेत. आवृत्ती, संपूर्ण सूचना, प्रोसेसर, स्मृती आणि प्रणाली यांची नोंद ठेवावी. प्रोसेसरच्या खास आज्ञा वापरण्याची परवानगी द्यायची असल्यास दोघांनाही द्यावी.

(३) प्रोग्रॅमला लागणारी माहिती चालवितेवेळी बाहेरून द्यावी आणि उत्तर छापावे, म्हणजे कंपायलर काम वगळू शकणार नाही. दोन्हींची उत्तरे ताडून पाहावीत. उत्तरांत मान्य मर्यादेपेक्षा अधिक फरक असल्यास वेगाची तुलना थांबवावी.

(४) एकाच छोट्या चक्रावर विसंबू नये. वर्गीकरण, सारणी-गुणाकार, मजकूरशोध अशी भिन्न स्वरूपाची कामे घ्यावीत आणि प्रत्येक मोजणी किमान काही सेकंद चालेल असा आकार ठेवावा.

(५) प्रत्येक जोडीची मोजणी अनेकदा आणि आलटून-पालटून करावी : क, ख, क, ख. त्यामुळे तापमान आणि विजेचे चढउतार दोघांच्या वाट्याला सारखे येतात. लॅपटॉप विजेच्या जोडणीवर ठेवावा आणि अन्य प्रोग्रॅम बंद करावेत.

(६) मध्यम किंमतीसोबत विस्तारही द्यावा. फरक विस्तारापेक्षा लहान असेल तर ‘फरक आढळला नाही’ असे स्पष्ट लिहावे. जेथे आवडता कंपायलर हरला, तो निकालही वगळू नये.

(७) कंपाइल होण्यास लागणारा वेळ आणि तयार प्रोग्रॅमचा आकार नोंदवावा. वेगाची किंमत बहुधा या दोन ठिकाणी मोजलेली असते.

८. निष्कर्ष

वेगाचा आकडा हा कंपायलरचा अंगभूत गुण नसून यंत्र, कंपायलर, सूचना, प्रोग्रॅम आणि नियम यांच्या संयोगाचे फलित होय. पातळ्यांची नावे समान असूनही काम भिन्न असू शकते. काम समान दिसूनही उत्तर भिन्न असू शकते. आणि उत्तर समान असूनही मोजणीतील अदृश्य घटक निष्कर्ष उलटवू शकतात. ‘एका’ महासंगणकाच्या सात महिन्यांच्या अंतराने नोंदविलेल्या दोन आकड्यांतून हेच दिसते की, अधिकृत आकडाही त्याच्या परिस्थितीपासून तोडून वाचला तर दिशाभूल करू शकतो. तुलनेतील न्याय हा केवळ नैतिकतेचा प्रश्न नाही. त्याशिवाय एका विद्यार्थ्याचा निकाल दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही, आणि ज्याची पडताळणी होत नाही ते संशोधन ठरत नाही. ‘दुप्पट वेगवान’ असा मोठा दावा करणाऱ्या प्रबंधापेक्षा ‘या परिस्थितीत फरक आढळला नाही’ असे सर्व नोंदींसह सांगणारा छोटा प्रकल्प ज्ञानात अधिक भर घालतो.